कविता सोडून कादंबरी का? तुम्ही विचारलंत म्हणून

परवा नागपुरात धंतोलीतल्या एका कार्यक्रमात परत तोच प्रश्न आला, सर तुम्ही कविता सोडून कादंबरीकडे का वळलात. दरवेळी मी "वय झालं, वृत्तं झेपत नाहीत" म्हणून सुटतो. आज नीट सांगतो.

मी गे आहे हे तुम्हाला माहीतच आहे. मराठीत लिहिणाऱ्या गे कवीला समाज-बिमाज नंतर नडतो, आधी क्रियापद नडतं. इंग्रजीवाल्यांचं बरंय, 'यू' लिहिलं की झालं. उर्दू गझलेत तर प्रेयसीलाही पुल्लिंगी क्रियापद लावायची जुनी रीत, मोमीनपुऱ्यातल्या मुशायऱ्यात कोणी भुवई उचलणार नाही. मराठीत मात्र 'तू आलास' लिहिलं की सापडलो, 'तू आलीस' लिहिलं की खोटं.

पहिल्याच गझलेत मी 'आलास' लिहिलं आणि बर्डीवर तर्री पोहे खाताना एका मित्राला दाखवली, तर तो म्हणे, "काऊन बे, चुकून राहिला ना तू, आलीस कर ते." घरी येऊन मी 'येशील' केलं. भविष्यकाळात 'तू'ला लिंग नसतं ना! मग चटकच लागली. ये, बस, थांब, ही आज्ञा चालते. 'तू दार उघडलंस' पण चालतं, कारण तिथं क्रियापद दाराच्या मागे जातं, तुझ्या नाही. अख्खा संग्रह असा व्याकरणाच्या आडोशाने लिहिला, आणि एका समीक्षकाने सगळं भविष्यकाळात आहे म्हणून मला आशावादी कवी ठरवलं. बाहेर समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७, घरी आई मुली बघतेय, आणि मी म्हणे आशावादी!

कादंबरीत ही चोरी जमत नाही हो. तीनशे पानं भविष्यकाळात कोण वाचेल, तिथं माणूस काल फुटाळा तलावावर येऊन बसला की बसला, 'तो' लिहावंच लागतं. २००६ मध्ये सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्लू' आली, भाऊ आणि बहीण एकाच पेइंग गेस्टच्या प्रेमात, तेव्हा कळलं की मराठीत हे सरळ लिहिता येतं. २००९ ला हे संबंध गुन्हा नाहीत असा दिल्ली हायकोर्टाचा निकाल आला तेव्हा सुरुवात केली, डिसेंबर २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो फिरवला आणि वही कपाटात गेली, ती थेट ६ सप्टेंबर २०१८ च्या रात्री निघाली, त्या दिवशी सुप्रीम कोर्टानेच हे संबंध गुन्हा नाहीत म्हटलं. त्या रात्री पहिलं पान फाडून नव्याने लिहिलं, 'तो आला'. एवढे दोनच शब्द, पुढे आठवडाभर काही सुचलं नाही.

आणि कविता काही सोडलेली नाही. त्या जुन्या संग्रहाची दुसरी आवृत्ती निघतेय, प्रकाशक म्हणाले आता तरी 'आलास' करून टाका. मात्रा मोजल्या. येशील पाच, आलास पाच, आलीस पण पाचच, म्हणजे वृत्ताची अडचण तेव्हाही नव्हती. पण ज्याच्यासाठी लिहिलं होतं तो काही आला नव्हता, मीच आपलं आलास लिहून बसलो होतो. 'येशील' तसंच ठेवलंय.