पापणी, कण्या आणि दोन रक्ततपासण्या

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावात आमच्या घराला ‘पेंगणाऱ्यांचे घर’ म्हणत. आजोबा, वडील आणि मोठी आत्या या तिघांच्याही पापण्या पन्नाशीच्या आसपास उतरल्या होत्या. वडील तर हनुवटी वर करूनच समोरच्याकडे बघत, त्यामुळे नवख्या माणसाला ते ताठ वाटत. वयाच्या 48व्या वर्षी फळ्यावर लिहिताना मलाही मान मागे टाकावी लागू लागली, तेव्हा मी तालुक्याला गेलो. तेथे डोळ्यांत घालायला थेंब मिळाले आणि त्यात चार महिने गेले.

नागपूरच्या मेंदूरोगतज्ज्ञांना प्रथम मायस्थेनियाची, म्हणजे स्नायू लवकर थकवणाऱ्या आजाराची शंका आली, कारण त्या आजारात पापणी दिवस कलताना अधिक झुकते आणि गारव्याने थोडा वेळ वर येते. रबरी हातमोज्यात बर्फ भरून त्यांनी तो दोन मिनिटे पापणीवर धरला आणि मग पट्टीने मोजले. पापणी तसूभरही वर आली नव्हती. रक्तात त्या आजाराची प्रतिपिंडेही (अँटिबॉडीज) सापडली नाहीत. घरात कोणाला गिळायला त्रास होता का, असे त्यांनी विचारले तेव्हा मी सरळ ‘नाही’ म्हणालो. सोबत आलेली पत्नी माझ्या वडिलांबद्दल म्हणाली, “मामाजी शेवटी शेवटी भाकर सोडून कण्याच खात होते नं!”

त्या एका वाक्याने तपासाची दिशा बदलली. उतारवयात पापण्या आणि घसा दोन्ही दुबळे करणारा ऑक्युलोफॅरिंजियल मस्क्युलर डिस्ट्रॉफी नावाचा आनुवंशिक स्नायुविकार आहे. अनेक जनुके एकत्र वाचणाऱ्या तपासणीचे पैसे मी कापूस विकून भरले आणि अहवाल ‘नॉर्मल’ आला. मी तर तो कपाटात ठेवून मोकळा झालो होतो. डॉक्टरांचे मात्र समाधान झाले नाही. या विकारात 14व्या गुणसूत्रावरील पीएबीपीएन1 जनुकातला तीन अक्षरांचा एक तुकडा गरजेपेक्षा जास्त वेळा येतो आणि अशी वाढ त्या तपासणीतून निसटू शकते. केवळ आवर्तने मोजणारी वेगळी तपासणी केल्यावर जनुकाच्या एका प्रतीत नेहमीची 10 आणि दुसऱ्या प्रतीत 13 निघाली. ती आधीच सांगितली असती तर एक खर्च वाचला असता, हे अजूनही मनातून जात नाही.

मूळ विकारावर औषध नाही. कपाळाच्या स्नायूला पापणी टांगण्याची शस्त्रक्रिया झाली. आता समोरचे नीट दिसते, पण झोपेत डोळे पूर्ण मिटत नसल्याने रात्री मलम घालावे लागते. कोरडी भाकर घशात अडकते, म्हणून ती वरणात कुस्करून खातो.

दोषी प्रत मुलीकडे जाण्याची शक्यता निम्मी आहे. ती 23 वर्षांची आहे. तपासणी करायची की नाही हे तिनेच ठरवायचे, असे समुपदेशकांनी सांगितले आहे, आणि तिने अजून ठरवलेले नाही.