कामार्ग डायोरामा : रेझीन घोडीच्या पायांवर चढलं

कामार्ग म्हणजे दक्षिण फ्रान्समधला ऱ्होन नदीच्या मुखाजवळचा दलदलीचा भाग; तिथल्या देखाव्याची ही छोटी प्रतिकृती, म्हणजे डायोरामा. पाणी म्हणून दुसऱ्यांदा ओतलेलं रेझीनही (ओतल्यावर घट्ट होणारा पारदर्शक द्रव) फसलं. ते घोडीच्या पायांवर ४ मि.मी. चढलंय, १:३२ मापात ते खऱ्या घोडीवर १३ सें.मी. होतं. त्यात तपकिरी रंग मिसळलेला, त्यामुळे पांढरी घोडी मोजे घालून उभी.

पायांवर मॅट वॉर्निश होतं, तिथेच घोळ झाला. तो थर खरखरीत, रेझीन त्यावरून वातीतल्या तेलासारखं वर सरकतं. शिवाय दागिन्यांचं रेझीन फार पातळ. ते काचेसारखं नितळ असतं हे खरं, पण ऱ्होनच्या मुखाजवळच्या गाळपाण्याला नितळपणा हवाय कशाला? जलरेषेवर व्हॅसलीन फिरवून चढणं थांबलं, पण भोवती माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडले. भंगार तुकड्यावर जमलं ते असं: पायांना ग्लॉस वॉर्निश, ३ मि.मी.चा थर, आणि मिश्रण मधाइतकं दाट झाल्यावरच काडीने पायाशी टेकवायचं. चढण १ मि.मी.च्या आत.

मापाच्या कपांवर भरवसा नको, सराफी काटाच बरा. फक्त बाटलीवरचं प्रमाण वजनाचं आहे ना, ते बघा. पावसाळी हवेत वर मेणचट साय धरते; ती कोमट साबणपाण्याने धुऊन, वाळवून मगच पुढचा थर.

हे लिहितानाच डोक्यात आलं: पाणी गढूळ, गुडघ्याखालचं दिसणारच नाही, मग १४ मि.मी. खोली ओतायचीच का? पाय जलरेषेवर कापून घोडी २ मि.मी.च्या थरावर बसवू. कापाच्या वर करडा हात मात्र हवा. पांढरे केस भिजले की खालची काळी कातडी डोकावते.

शिंगरू मस्त उतरलंय. गडद तपकिरीच ठेवलंय, चूक समजू नका. कामार्ग घोड्यांची ही जात जन्मतः काळपट असते, पांढरेपण काही वर्षांनी येतं.

वळू स्पॅनिश झुंजीच्या किटमधला, शिंगं पुढे रोखलेली. कामार्गच्या वळूची शिंगं वर उभारून लायर या युरोपीय तंतुवाद्याच्या बाकाची. जुनी कापली, ०.८ मि.मी. पितळी तार रोवली, वर इपॉक्सी पुट्टी. छाती-खांदाही तासायला लागला, हा गडी बुटका आणि हलका. शिंगांमधली लाल फीत लावणार नाही. ती रिंगणातल्या खेळापुरती, चरणाऱ्या वळूला कोण बांधतं?