कोळंबीच्या टरफलांपासून सक्रिय कार्बन : माझा अनुभव

रसायनशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमातील प्रकल्पासाठी मी कोळंबीच्या टरफलांपासून पाणी शुद्ध करणारा सक्रिय कार्बन, म्हणजे सूक्ष्म छिद्रांनी भरलेला कोळसा, तयार केला. पुण्याला समुद्र नसला तरी किनाऱ्यावरचा माल बर्फात घालून येथे रोज येतो, आणि गणेश पेठेतील मासळी बाजारात कोळंबी सोलून मागणारी गिऱ्हाइके असल्यामुळे डोकी व साली टोपलीभर उरतात. "एवढी घाण नेऊन करणार काय रे?" असे विचारत तेथील एका मावशींनी ती मला फुकट दिली, मात्र ऊन चढण्याआधी उचलायची अट घातली. ही टरफले किती लवकर कुजतात हे ज्याने अनुभवले आहे, त्याला अटीचे कारण सांगावे लागत नाही.

धुणे, वाळवणे आणि दळणे यांत विशेष काही नाही. खरा प्रश्न चुन्याचा आहे. असा कार्बन बनवण्यासाठी नेहमी वापरली जाणारी नारळाची करवंटी जवळजवळ संपूर्ण सेंद्रिय असते. कोळंबीच्या टरफलात मात्र कायटिन (टरफलाचा चिवट सेंद्रिय सांगाडा) आणि प्रथिनांबरोबर कॅल्शियम कार्बोनेट मोठ्या प्रमाणात असते, आणि ते तसेच ठेवून भुकटी भाजली तर हाती कोळशापेक्षा राखच अधिक येते. म्हणून भुकटी आधी विरल हायड्रोक्लोरिक आम्लात टाकली. कार्बन डायऑक्साइड इतक्या जोरात सुटतो आणि प्रथिनांमुळे त्याचा फेस इतका टिकतो, की चंचुपात्र मोठे घेऊन आम्ल थोडेथोडे ओतणे भागच असते.

उरलेला कायटिनयुक्त भाग नायट्रोजनच्या प्रवाहात भाजला. शुद्ध कायटिनमध्ये वजनाच्या सुमारे ६.९ टक्के नायट्रोजन असतो. त्यातील काही कोळशात टिकून राहतो आणि करवंटीच्या कोळशाच्या तुलनेत याचे वेगळेपण त्यातच आहे, तर काही वायुरूपाने निघून जातो, म्हणून भट्टीतून बाहेर पडणारा वायू आम्लातून नेला. त्यानंतर कोळशात पोटॅशियम हायड्रॉक्साइड मिसळून ७०० अंश सेल्सिअसला सक्रियण केले. या तापमानाला ते कार्बन कुरतडते आणि त्यातून सूक्ष्म छिद्रे तयार होतात. पण ते चिनी मातीची मूसही कुरतडते, त्यामुळे निकेलचे पात्र वापरले. भट्टी पूर्ण थंड होईपर्यंत नायट्रोजन बंद करायचा नाही, हा मार्गदर्शक मॅडमचा दंडक होता.

मिथिलीन ब्लू या निळ्या रंगाच्या द्रावणात हा कार्बन ढवळून गाळल्यावर ६६४ नॅनोमीटरवरील शोषणांक, म्हणजे त्या तरंगलांबीचा प्रकाश द्रावण किती शोषते याचे माप, स्पष्टपणे घसरला. तरीही 'शुद्ध पाणी' हा शब्द जपून वापरावा असे मला वाटते. असा कार्बन रंग, वास, क्लोरिन आणि अनेक सेंद्रिय द्रव्ये धरून ठेवतो; बोअरवेलच्या पाण्याचा जडपणा त्याने जात नाही, आणि जंतूंसाठी वेगळी व्यवस्था करावीच लागते.

मला सर्वाधिक खटकले ते धुण्यासाठी लागणारे पाणी. सक्रियणानंतर कार्बनमधील क्षार निघून सामू सातच्या आसपास येईपर्यंत तो पुन्हा पुन्हा धुवावा लागतो, आणि पाणी शुद्ध करणारी वस्तू बनवण्यासाठी इतके पाणी मोरीत सोडणे हा व्यवहार आतबट्ट्याचा वाटतो. यावर निदान अर्धा उपाय निघाला. पहिल्या टप्प्यातील उरलेले आम्लयुक्त द्रावण आधी ताज्या भुकटीवर वापरून त्याची ताकद संपवली आणि मग त्यात या धुण्याचे अल्कधर्मी पाणी मिसळले. दोन्ही मिळून उदासीन होतात, आणि विरघळलेला चुना पुन्हा पांढरा साका होऊन तळाशी बसतो. तो गाळून वेगळा करता येतो. वरच्या पाण्यात पोटॅशियम क्लोराइड तेवढे राहते, आणि ते परत मिळवणे प्रयोगशाळेच्या प्रमाणात तरी परवडत नाही.