'ही' की 'हिम'?
पुण्यात मराठी माध्यमाच्या मुलांना इंग्रजी शिकवताना मला असे दिसते की, सर्वनाम एकटे असले तर कर्त्याचे 'ही' आणि कर्माचे 'हिम' यांतील निवड ती सहज करतात; मात्र 'रवी अँड' एवढे आधी आले की गोंधळ होतो. अशा वेळी जोडीतले नाव झाकून वाक्य वाचावे: 'द टीचर कॉल्ड ही' कानाला लगेच खटकते, म्हणून 'द टीचर कॉल्ड रवी अँड हिम' हेच बरोबर. 'बिटवीन'पाशी ही युक्ती चालत नाही, कारण त्याला दोघे लागतातच. तेथे कर्मरूप येते, हे पक्के लक्षात ठेवावे. जुन्या इंग्रजीत नामांनाही विभक्तिप्रत्यय होते. ते बहुतेक गळाले, तरी सर्वनामांत हा भेद टिकला, आणि 'तो' व 'त्याला' लहानपणापासून बोलणाऱ्या मुलांना तो अवघड वाटू नये, असे माझे ठाम मत आहे. 'यू' आणि 'इट' तर दोन्हीकडे सारखीच राहतात.