थडग्यावरचं झाकण

आज ५ ऑक्टोबर. कॅनडातल्या हॅलिफॅक्स शहराच्या कॅम्प हिल दफनभूमीत एका मुलाने थडग्यावर बिअरच्या बाटलीचं झाकण ठेवलं. अगदी अलगद, आपण देवापुढे सुपारी ठेवतो तसं.

तिथे आधीचीही बरीच झाकणं होती. काही पावसाने गंजलेली.

मी विचारलं, "कोण होते हे?"

"बिअरवाले कीथ! आज वाढदिवस त्यांचा." एवढं बोलून तो गेलाही.

ते "बिअरवाले" घरी येईपर्यंत मनात टोचत राहिलं. खोटं नव्हतं ते. अलेक्झांडर कीथ १८१७ साली स्कॉटलंडहून इथे आले, नुकतीच विशी ओलांडलेले. १८२० मध्ये त्यांनी ब्रुअरी घेतली. पण १८४३ मध्ये ते या शहराचे महापौर झाले, शहराला महापालिका मिळून जेमतेम दोन वर्षं झालेली असताना. पुढे १८५३-५४ मध्ये पुन्हा. शिवाय १८४३ पासून १८७३ मध्ये डोळे मिटेपर्यंत ते इथल्या नोव्हा स्कोशिया प्रांताच्या विधान परिषदेवर होते.

तीस वर्षं! आणि लक्षात राहिली ती बाटली. तिच्यावर आजही त्यांचं नाव आहे, म्हणून असेल. सभागृहातल्या कामावर कोण नाव छापतं?

मग मी आमच्या गावचे जुने नगराध्यक्ष आठवायला बसले. लहानपणी ज्यांनी नळ आणला, त्यांचंसुद्धा नाव आठवेना. फार वाईट वाटलं. उद्या आईला फोन करून विचारणार आहे.

तुम्हाला आठवतात का तुमच्या गावचे?