तुम्ही विचारलंत म्हणून: एका वाकळेला किती दिवस?

“एक वाकळ शिवायला किती दिवस लागतात हो?”

लग्नाच्या मांडवात, बसमध्ये, दवाखान्याच्या बाकावर, जिथे मी पिशवीतून सुई काढली तिथे हा प्रश्न आलाच. इतकी वर्षं मी ठोकून द्यायची, “पंधरा-वीस दिवस.” विचारणारा मान डोलवायचा, मनातल्या मनात दिवसाच्या हजेरीने गुणायचा आणि म्हणायचा, “मग परवडत नाही म्हणा.” त्या गुणाकाराचा मला राग यायचा. पण माझं उत्तरच अंदाजपंचे, तेव्हा भांडणार कुठल्या तोंडाने? म्हणून गेल्या संक्रांतीपासून स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर, दुधाच्या हिशेबाशेजारी, शिवणाचाही हिशेब लिहायला लागले. दीड तास. दोन तास. पाहुणे, शून्य. लाईट नाही, शून्य. आमच्या ह्यांनी पहिल्या महिन्यात ते दुधाचे आकडे समजून गवळ्याशी वाद घातला, तो वेगळाच.

आमचं घर बेळगावात वडगावला. सासरी चार पॉवरलूम होते, आता एकही नाही. शेजारचं शहापूर 1948 पर्यंत सांगली संस्थानात होतं. त्यामुळे आमच्या आजेसासूबाई म्हणे दहा मिनिटं चालत जाऊन सूत आणायच्या आणि “सांगलीच्या राज्यात जाऊन आले” असं सांगायच्या. माहेर खानापूर तालुक्यात, नंदगडच्या अलीकडे. दोन्हीकडे वाकळच म्हणतात. पुण्याची मंडळी गोधडी म्हणतात आणि आमच्या गल्लीतल्या कन्नड बायका कौदी. वस्तू तीच: जुन्या लुगड्यांचे थर, आणि एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत धावदोरा.

हिशेब सोपा आहे. नऊवारी लुगडं म्हणजे साधारण सव्वाआठ मीटर. त्याचे चार तुकडे केले की प्रत्येक दोन मीटरचा होतो. दोन-दोन तुकडे शेजारी जोडले की एका लुगड्यात दोघांच्या वाकळेची वरची आणि खालची बाजू निघते, चिंधीही वाया जात नाही. लुगडं विणणाऱ्याच्या मनात वाकळ होती की काय, असं मला नेहमी वाटतं. आत भर म्हणून धोतरं, विटलेले शर्ट, परकर, जे सुती असेल ते. सोप्यात जमिनीवर अंथरायचं, सुरकुत्या हाताने मोडायच्या, चारी कोपऱ्यांवर वजन ठेवायचं (माझ्याकडे दोन वरवंटे आणि लूमची दोन लोखंडी वजनं आहेत), कच्चे टाके घालायचे आणि मग बोटाच्या रुंदीवर ओळी. सव्वादोन मीटरच्या रुंदीत शंभरावर ओळी बसतात, म्हणजे दोनशे वीस मीटर शिवण. आमच्या घरापासून गल्लीच्या तोंडाच्या किराणा दुकानापर्यंतचं अंतर जवळपास तेवढंच असेल. तेवढं सुईने चालायचं.

वर्षातलं पहिलं काम दुपट्याचं. लेकीला पुण्यात दिवस गेलेले. पहिलं बाळंतपण माहेरी असा रिवाज, पण तिचा डॉक्टर पुण्याचा, तिची नोकरी पुण्याची, तेव्हा यंदा माहेरच पुण्याला गेलं. आमच्याकडे बाळ जन्मायच्या आत त्याच्यासाठी नवं काही करायचं नाही. लेक म्हणाली, “आई, हे जुनंच आहे ना? मग कुठं नवं झालं?” तिची वकिली मला पटली, पण अंगात मुरलेली भीती अशी जात नाही. मी तीन कोपरे पक्के केले आणि चौथा उघडा ठेवला. कापड होतं सासूबाईंच्या लुगड्याचं, शहापूरच्या मागावरचं, 1989 साली घेतलेलं. वीस वर्षं अंगावर, मग दहा वर्षं देवघराच्या पडद्याला, मग ट्रंकेत. हाताला असं लागतं जसं ताकावरचं लोणी. नव्या कापडाला हा मऊपणा कुठल्याच पावडरीने येत नाही.

पुण्याला जाताना दुपटं मांडीवर घेतलं होतं. घटप्रभेला एक बाई चढल्या, समोर बसल्या. रायबागपर्यंत बघत होत्या, आणि कुडचीच्या पुलावरून खाली कृष्णा दिसली तेव्हा त्यांनी विचारलंच, “किती दिवस लागतात?” मी मिरज येईस्तोवर काही बोलले नाही. त्यांना मी गर्विष्ठ वाटले असेन. खरं तर टाके मोजत होते.

नातू फाल्गुनात झाला. पाचवीच्या दिवशी चौथा कोपरा बंद केला. तो बंद करायच्या आधी आमच्याकडे तिथे एक तिकोनी तुकडा टाचतात, त्याला घास म्हणतात. आई सांगते, घास घातला की वाकळेचं पोट भरतं, मग ती पांघरणाऱ्यालाही उपाशी निजू देत नाही. जावई इंजिनियर. त्याने हे ऐकून घेतलं आणि रात्री दोन वाजता बाळ रडायला लागल्यावर म्हणाला, “आई, घास कमी पडला वाटतं.”

कॅलेंडर सांगतं: दुपटं, अकरा दिवस, सतरा तास.

मग मुलाचं लग्न. मुलगी गोकाकची, कन्नड घरातली, दोघं बेंगळुरूला एकाच ऑफिसात. सीमाभागात असं लग्न म्हटलं की बाहेरच्यांना वाटतं, केवढी खळबळ झाली असेल. खळबळ झाली ती जेवणात होळगी, म्हणजे पुरणपोळी, करायची की जिलबी, यावरून. (दोन्ही झाल्या.) वाकळ मात्र मी मुलीच्या बाजूला काहीच न सांगता सुरू केली होती, नव्या जोडप्याला द्यायला. दर्शनी बाजूला आईचं एक जुनं इरकल वापरलं, काळं, चौकड्याचं, आणि त्याचा तो तांबडा रेशमी पदर मधोमध. कडेला लाल पट्टी हवी म्हणून बाजारातून नवं कापड आणलं. आणि इथे माझी अक्कल गहाण पडली. चाळीस वर्षं शिवते, तरी ते मिठाच्या पाण्यात भिजवून रंग बघायचा राहिला. वाकळ पुरी झाली, धुतली, वाळत घातली आणि संध्याकाळी बघते तर मागच्या पांढऱ्या बाजूला गुलाबी ढग. हे म्हणाले, “राहू दे, छान दिसतंय.” नवऱ्याने छान म्हटलं की नक्की वाईट दिसत असतं. नऊ दिवस नुसती उसवण केली. उसवणीचे तास लिहावेत की वजा करावेत, हे ठरेना, म्हणून त्या चौकटीत फुल्या मारल्या.

साखरपुड्याच्या आदल्या दिवशी विहीणबाई घर बघायला आल्या तेव्हा वाकळ सोप्यातच पसरलेली होती, पट्टी नसलेली, दोरे लोंबत. झाकायला धावले तोवर त्या चप्पल काढून खाली बसल्या होत्या. त्यांनी वाकळेची कड उचलली आणि उलटी केली. हे फक्त शिवणारी बाईच करते. बाकीचे वरून बघतात, फोटो काढतात. शिवणारी मागची बाजू बघते, कारण टाका खरा की खोटा ते तिथे कळतं. मग त्यांनी चिमटीत धरून थर चाचपले आणि विचारलं, “इदराग एष्ट सीरी अदाव री?” ह्यात किती साड्या आहेत?

माझं कन्नड बाजारापुरतं, पण एवढं कळलं. चाळीस वर्षांत मला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मी बोटं मोजली: आईचं इरकल, सासूबाईंची दोन, माझी कॉलेजातली एक सुती, नणंदेची एक, शिवाय सासऱ्यांची धोतरं. एकेक नाव सांगत गेले, त्या मान हलवत गेल्या. कोण आहेत, कोण गेल्या, एवढंच विचारलं. किती दिवस लागले ते विचारलं नाही.

लग्न वैशाखात झालं, नेमकं शिवजयंतीच्या चित्ररथांच्या आसपास. त्या रात्री गोकाकची वऱ्हाडाची गाडी गर्दीत अडकली आणि व्याही पहाटेपर्यंत रथ बघत उभे राहिले, ते अजून सांगतात. रुखवतात विहीणबाईंनी कौदी ठेवली होती, माझ्या वाकळेपेक्षा जड आणि, खोटं कशाला बोलू, टाका माझ्याहून बारीक.

लग्नाची वाकळ: बावन्न दिवस, त्र्याऐंशी तास, फुल्या सोडून.

पावसाळ्यात एक घरापुरती वाकळ मशीनवर दोन दुपारांत मारली. तिचे तास मी मोजत नाही. त्याच पावसाळ्यात ट्रंका उपसल्यावर एक गोष्ट ध्यानात आली आणि पोटात खड्डा पडला: सुती लुगडी संपत आलीत. माझ्या कपाटात तीसेक साड्या आहेत, त्यातल्या शिवणाजोग्या चार. बाकी सगळं पॉलिस्टर. पॉलिस्टरला सुई जाते, पण टाका बसत नाही, थर एकमेकांवरून सरकतात, घाम पीत नाही. आणि मुख्य म्हणजे ते जुनं होत नाही. वीस वर्षांनी काढलं तरी दुकानातल्यासारखं चकचकीत, माणसाने कधी अंगाला लावलंच नसल्यासारखं. आमच्या गल्लीत जे चार-दोन माग अजून वाजतात, त्यांच्यावरही आता हेच सूत चढतं. विणकराला दोष देत नाही. सुती लुगडं नेसणाऱ्या बायका किती उरल्या?

दसऱ्याच्या आधी घर झाडायला काढलं. लहानपणी घटस्थापनेच्या अगोदर गावातल्या सगळ्या वाकळा मलप्रभेवर जायच्या. ओली वाकळ एका माणसाला उचलत नाही. दोघींनी दोन टोकं धरायची, उलट्या दिशेने पिळायची आणि त्यातून निघालेलं पाणी पायावर पडलं की किंचाळायचं. आता गच्चीवर होतं ते काम. मी आणि सूनबाई. तिने पिळताना जी पकड धरली ती आईकडून शिकलेली दिसली.

मार्गशीर्षात हल्याळकडे गेलो. पुष्कळ दिवसांची इच्छा होती. त्या भागात सिद्दी लोक राहतात, मूळचे आफ्रिकेतले. पोर्तुगीजांच्या गोव्यातल्या गुलामीतून पळून जंगलात आलेल्यांचे वंशज त्यांच्यात बरेच. त्यांच्या बायका कवंद, म्हणजे त्यांच्याकडची वाकळ, शिवतात. हेन्री ड्रेवल नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने त्यावर काम केलं आणि 2004 साली त्या बायकांची सहकारी संस्था उभी राहिली, हे मी वाचलं होतं. वाटेत माहेरी थांबले तर चौऱ्याऐंशी वर्षांची आई चुलीपुढून उठून थेट गाडीत येऊन बसली. नंदगडला संगोळ्ळी रायण्णाच्या समाधीपाशी उतरली, नवसाचे लाकडी पाळणे बघितले, पणतवासाठी हात जोडले आणि “चला, उशीर होतोय” म्हणून आम्हालाच दटावलं.

एका वस्तीवर पडवीत एक बाई शिवत बसल्या होत्या. आमची ओळ कडेपासून कडेपर्यंत सरळ जाते. त्यांची कोपऱ्यातून निघते आणि चारी कडांनी फिरत फिरत आत येते, जाता जाता रंगीत तुकडे बसवत, मधोमध संपते. अगोदर काही आखलेलं नसतं. मी विचारलं, “तुकडा कुठला बसवायचा हे कसं ठरवता?” त्या हसल्या, जणू मी भाकरीला गोल कोण करतं असं विचारलं. चारी कोपऱ्यांवर घड्या घातलेल्या तिकोनी चिंध्यांचं फूल होतं. फुलं नसली तर कवंद उघडी दिसते, त्या म्हणाल्या. आईने घासाची गोष्ट सांगितली. आईचं खानापूरकडचं मराठी आणि त्यांची कोकणी मिसळलेली बोली एकमेकींना अशी भेटली की आम्ही मधले दुभाषे बेकार झालो. निघताना त्या बाईंनी आईच्या नेसूच्या इरकलाचा पदर दोन बोटांत धरून बघितला. हिरवं, सुती, पुष्कळ धुतलेलं.

“चांगलं आहे,” त्या म्हणाल्या. “फाटलं की मला द्या.”

आई म्हणाली, “रांगेत उभी रहा गे बाई. ही पयली हाय,” आणि माझ्याकडे बोट केलं.

कारण चौथी वाकळ त्याच लुगड्यावर अडली आहे. भर तयार आहे, खालची बाजू जोडून झाली आहे, कच्चे टाके घालून गुंडाळी कपाटावर ठेवलीय. वर मधोमध ते हिरवं इरकल यायचं आहे. मी दिवाळीला विचारलं होतं, परत येताना गाडीतही विचारलं. आईने पदर पसरून उजेडात धरला, नख लावून बघितलं.

“धड कापड कोण कापतं? आजून दोन वरसं निघतील की.”

कॅलेंडरवर त्या वाकळेची ओळ आहे. नवं कॅलेंडर लावताना मी ती तशीच त्याच्यावर उतरवून घेतली.