'री-ॲनिमेटर'ची हिरवी सिरिंज : काम कुठवर आलं

मंडळी, चित्रपटातली चमकती सिरिंज आणि तिच्या औषधाची बाटली यांची प्रतिकृती करतोय, त्यातली सिरिंज उजळली! बाटलीचं घोडं मात्र अजून अडलंय.

नव्याने आलेल्यांसाठी थोडक्यात : स्टुअर्ट गॉर्डनचा १९८५चा भयपट 'री-ॲनिमेटर'. मूळ लव्हक्राफ्टच्या हर्बर्ट वेस्टच्या कथा, १९२२मध्ये मासिकात क्रमशः आलेल्या. घराणं फ्रँकेन्स्टाइनचंच. पण १९३१च्या चित्रपटात मुडदा उठवायला वीज कडाडावी लागते, इथे सगळा कारभार हिरव्या चमकत्या औषधाच्या एका सुईवर. वेस्ट झालेला जेफ्री कॉम्ब्स ती सिरिंज इतक्या गंभीर चेहऱ्याने भरतो की हसावं की घाबरावं कळत नाही. म्हणून प्रतिकृती करायची तर याचीच. त्यातला खलनायक डॉ. हिल, त्याचं तुटलेलं मुंडकं कुणीतरी दुसऱ्याने करा, माझ्या घरात ते खपणार नाही.

शूटिंगला त्यांनी ग्लोस्टिकमधलं (वाकवली की उजळणाऱ्या प्लॅस्टिकच्या कांडीतलं) रसायन वापरलं होतं, म्हणजे तो उजेड द्रवाचा स्वतःचा. हे डोक्यात ठेवूनच मी मागे बल्ब लावून हिरवं पाणी दाखवायचा पर्याय बाद केला. त्यात पाणी रंगीत दिसतं, पेटलेलं दिसत नाही. पण खरं ग्लोस्टिकही नको. काही तासांत विझतं, वर त्यातल्या द्रावकाने काही प्लॅस्टिकं मऊ पडतात. शोकेसमध्ये ठेवायच्या वस्तूला हे परवडत नाही.

म्हणून रिबोफ्लेविन, म्हणजे आपलं बी-२ जीवनसत्त्व. मेडिकलमधली गोळी कुटून पाण्यात ढवळली आणि कॉफीच्या फिल्टरमधून गाळली. दिवसाउजेडी पिवळट पाणी, पण ३९५ नॅनोमीटरच्या यूव्ही एलईडीवर धरलं की पिवळसर हिरवं पेटतं. सिरिंज जुन्या बाजारातली, काचेची. सुईच्या जागी बोथट स्टीलची नळी, कारण घरात पोरं आहेत. एलईडी दट्ट्याच्या टोकाशी बसवलाय, ३.७ व्होल्टचा लिथियम सेल आणि ४७ ओहमचा रेझिस्टर. एलईडीचा जांभळा झाक फोटोत फार येत होता. काचेला आतून पिवळा जिलेटिन कागद गुंडाळला, जांभळं गेलं आणि हिरवं उलट खुललं. हा उपाय जरूर करून बघा, फुकटात आहे.

आता बाटली. इंजेक्शनच्या रबरी बुचाच्या बाटलीत द्रव जास्त, त्यामुळे खालून दिलेला उजेड तळाशीच अडकतो आणि वरचा भाग मरगळलेला दिसतो. द्रावण पातळ केलं की उजेड वर पोचतो, पण एकूण तेज उतरतं. तूर्त मधला मार्ग म्हणून बुचातूनही एक एलईडी सोडायचा विचार आहे, वायर ॲल्युमिनियमच्या टोपीखाली लपेल. आणखी एक : रिबोफ्लेविन उजेडात नासतं, म्हणून बाटली फडताळात ठेवतो आणि द्रावण अधूनमधून बदलतो. फ्लुरोसीन (असाच हिरवा चमकणारा रंग) कुणी वापरलंय का? किती टिकलं ते सांगा, म्हणजे पुढच्या वेळी गोळ्या कुटायच्या की नाही ते ठरवता येईल.